तळाला आलेला बुधला

“शिशीले तोंड असते बाप्पा, जीभ नसते. पोटात काय हाये थे ती सांगत नाई. आपल्यालेच सांगा लागते.”

वाशीमच्या औषधशाळेत नवं पोरगं कामाला लागलं की गुलाम नबी त्याला पहिल्या दिवशी हे सांगायचा, आणि मग ते पोरगं जुनं होईपर्यंत सांगत राहायचा. चिठ्ठी न डकवलेली शिशी दिसली, सांगितलं. बूच उघडं राहिलं, सांगितलं. सांगताना आवाज चढायचा नाही. शिशी उजेडात धरायची, नाकाखालून एकदा फिरवायची, आत काय आहे ते म्हणायचं आणि आपल्या हातानं चिठ्ठी लिहायची. वरच्या ओळीत उर्दू, खालच्या ओळीत मराठी. चिठ्ठी सरळ बसली की तिच्यावरून अंगठा फिरवायचा, जसा माणूस लेकराच्या कपाळावरून फिरवतो.

नाक त्याला बापाकडून आलेलं. बाप उरुसा-जत्रांतून अत्तर विकायचा आणि डोळे मिटून गुलाब कोणत्या बागेतला ते सांगायचा. पोराच्या नशिबी अत्तर आलं नाही, औषधं आली.

औषधशाळा म्हणजे स्टेशनाच्या रस्त्यावरच्या टिनाच्या तीन खोल्या. पुढच्या खोलीत डॉक्टर रोगी तपासत. मधल्या खोलीत शिशांची फडताळं. मागच्या खोलीत औषधं बनायची. थोरल्या डॉक्टरांच्या जागी धाकटे डॉक्टर नागपुराहून शिकून आले, त्यांनी तिच्या दारावर ‘प्रयोगशाळा’ अशी पाटी लावली. गावाच्या जिभेला तो शब्द जड गेला. पोरं तिला ‘लेबोट्री’ म्हणू लागली आणि तेच नाव राहिलं. तिथून तापाचं औषध, जखमेचं औषध, डोळ्याचं औषध पेट्यांत भरून रिसोडला, केनवडला, रिठदला जायचं. पावसाळा सरला की घरोघर हिवताप. मग तापाच्या औषधाला सकाळ पुरायची नाही न् संध्याकाळ पुरायची नाही. कुनाईन पाण्यात नीट विरघळत नाही, त्याला गंधकाचं तेजाब लागतं, थोडं, पाण्यात सोडून सौम्य केलेलं. म्हणून हिवतापाच्या दिवसांत तेजाब झपाट्यानं सरायचं.

तेजाब यायचं काचेच्या मोठ्या बुधल्यात. बुधला बांबूच्या टोपलीत, भोवती गवत. दिसायला तेलासारखं, जड. सुती धोतरावर एक थेंब पडला तर दुसऱ्या दिवशी तिथं भोक. असा बुधला वाकवायची सोय नव्हती. त्यातून तेजाब काढायचं ते काचेच्या नळीनं. आणि या नळीवरूनच गुलाम नबीचं नाव झालेलं.

सन एकोणीसशे आठची गोष्ट. आगगाडी अजून वाशीमला यायची होती, बुधले अकोल्याहून बैलगाडीनं यायचे. गुलाम नबी तेव्हा बाविशीचा. दोन हात लांब नळी बुधल्यात सोडायचा, वरचं टोक ओठांत धरायचा आणि एक दम ओढायचा. तेजाब नळीतून चढत यायचं. ओठांच्या बरोबर एक बोट खाली तेजाब थांबायचं आणि त्याचा अंगठा नळीच्या तोंडावर बसायचा. मग माप भरायचं. एक थेंब इकडे नाही, एक थेंब तिकडे नाही. सराफ्यातले सोनार बघायला येत. त्यांचाही रोजचा व्यवहार तेजाबाशी, पण असा दम त्यांनी पाहिला नव्हता. थोरल्या डॉक्टरांनी एके दिवशी चारचौघांत त्याच्या डोक्याला हिरव्या काठाचा फेटा बांधला. तो फेटा तीस वर्षं औषधशाळेच्या खुंटीवर होता. दर शुक्रवारी गुलाम नबी तो बांधून नमाजाला जायचा आणि परत येऊन खुंटीला लावायचा.

‘गुलाम नबीनं जन्मात तेजाबाचा थेंब जिभेवर येऊ दिला नाही’ असं बाजार म्हणायचा. गुलाम नबी तसं कधी म्हणाला नाही. पण कोणी म्हटलं तर नाहीही म्हणाला नाही.

खरं काय ते त्याला ठाऊक होतं आणि त्याची बायको रहमतबी हिला ठाऊक होतं. फेटा बांधल्याला महिनाही झाला नव्हता. औषधशाळेत तो एकटाच होता. बुधला तळाला आलेला. त्यानं नेहमीसारखा दम ओढला, पण खाली तेजाब चार बोटंच उरलेलं. नळीचं टोक उघडं पडलं, त्यातून हवा शिरली आणि नळीतलं सगळं तेजाब उसळून थेट तोंडात आलं. जितकं थुंकता आलं तितकं थुंकलं. रांजणात तोंड घातलं. घरी आला तेव्हा बोलता येत नव्हतं. नवी नवरी रहमतबी त्याचं तोंड बघून रडली नाही. दूध आणलं, चुन्याची निवळी आणली. आठ दिवसांनी जीभ हलू लागली तेव्हा तो पहिलं वाक्य बोलला, “कोनाले सांगू नको.”

तिनं सांगितलं नाही. त्याला ताप आलाय असं औषधशाळेत कळवलं. तोंडातल्या जखमा भरल्या, पण चव गेली ती गेली. खारट गेलं, गोड गेलं, कडू गेलं. वास होता, ऊन-गार कळत होतं, त्यावर तो जेवायचा. रहमतबी मीठ आपल्या जिभेनं घालायची. तो दर घासाला “बरोबर हाये” म्हणायचा. ईदेला शिरखुर्मा पुढं आला की डोळे मिटून “वाह” म्हणायचा, आणि रहमतबी तोंड फिरवायची.

त्या दिवसानंतर त्यानं नळीला तोंड लावलं नाही. मुंबईहून रबराचा फुगा मागवला, तो नळीला बसवला. कोणी विचारलं तर म्हणायचा, “उस्तादानं खेळ एकदाच दाखवा लागते.” लोकांना तेही उत्तर आवडलं.

सन अडतीसच्या पावसाळ्यात औषधशाळेत दोन पोरं होती. एक फय्याज, मणियाराच्या घरचा, अंगानं काडी आणि जिभेनं कात्री. दुसरा भाऊसिंग, केनवडकडच्या तांड्यावरचा. आख्ख्या तांड्यात सातवी झालेला तो पहिला. त्याची आई गोमतीबाई त्याला हाताला धरून वाशीमला चालत घेऊन आली होती. औषधशाळेच्या पायरीवर उभी राहून तिनं डॉक्टरांकडे पाहिलं नाही, फेट्याकडे पाहिलं. केनवडच्या बाजारातही त्या फेट्याची गोष्ट पोचलेली होती.

“मिया भाऊ,” ती म्हणाली, “हा एकच हाये. तुमच्या हाती देल्ला.”

“माया हाती हाये बाई,” गुलाम नबी म्हणाला.

पोरं कामाला वाघ होती. पण दोघांची जोडी जमली आणि औषधांचा धाक गेला. फय्याज कागदावर विहिरीत टाकायच्या लाल दव्याची पूड घेऊन तिच्यावर कसल्याशा गोड औषधाचा थेंब सोडायचा. क्षणभर काही नाही, मग आपोआप जाळ. त्या जाळावर तो विडी पेटवायचा. भाऊसिंग टिंक्चरनं ओठावर मिशा काढून पुढच्या खोलीतल्या रोग्यांना रुबाब दाखवायचा. बेशुद्धीच्या औषधाची शिशी हुंगून कोण जास्त वेळ उभं राहतं याच्या पैजा लागायच्या.

“पोट्टेहो, ह्या शिश्या हायेत, बत्ताशे नाई,” गुलाम नबी म्हणायचा.

“चाचा, तुमी तं तेजाबाशी खेळले. आमी लाल दव्याशी खेळलो तं काय बिघडलं?” फय्याजचं उत्तर तयार.

“थे वेगळं व्हतं.”

“काहून वेगळं? तुमचे व्होट लोखंडाचे व्हते का?”

भाऊसिंग खदखदा हसायचा. गुलाम नबी मान हलवून चिठ्ठ्या लिहायला बसायचा. ‘वेगळं व्हतं’ याच्या पुढचं वाक्य त्याच्याजवळ होतं. ते घशापर्यंत यायचं आणि खुंटीवरचा फेटा दिसला की परत जायचं. नळीला तोंड लावायचं नाही, हे तो रोज सांगत होता. का लावायचं नाही ते सांगत नव्हता. आणि बुधला तळाला आला म्हणजे नळी दगा देते, ही एक गोष्ट तर त्यानं तीस वर्षांत कोणालाच शिकवली नव्हती. शिकवली असती तर पुढचा सवाल आला असता, चाचा, तुमाले कसं ठाऊक?

भादव्यात एके दिवशी दुपारी फय्याजनं समोरच्या हॉटेलातून चहा आणला. गुलाम नबीच्या कपात त्यानं कुनाईनची चांगली चिमूट टाकली. कुनाईनला वास नाही. पण कडू असं की नुसत्या बोटाला लागलं तर माणूस दिवसभर थुंकतो. दोघं फडताळाआड उभे राहून बघू लागले. गुलाम नबीनं पहिला घोट घेतला, दुसरा घेतला, कप संपवला आणि मिशा पुसल्या.

“आज दूध बरं व्हतं,” तो म्हणाला.

फय्याज फडताळाआडून बाहेर आला. त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, पिराच्या दर्ग्यावर माणसाचं तोंड होतं तसं झालं होतं.

“चाचा, कुनाईन व्हतं त्याच्यात. चिमूटभर!”

गुलाम नबीच्या हातातला कप तसाच राहिला. भाऊसिंगचे डोळे मोठे झालेले. “इचीबहीन,” तो पुटपुटला, “याहिले जहर बी चढत नाई.”

त्या वेळी सांगता आलं असतं. दार उघडं होतं, आत पाय टाकायचा होता फक्त. मला चव नाही रे पोरांनो, ती त्या बुधल्यानं नेली, एवढंच. पण तीस वर्षांत त्या दोन पोरांसारखं त्याच्याकडे कोणी पाहिलं नव्हतं. बाविशीत सोनार पाहायचे तसं ते पाहत होते. गुलाम नबी हसला. नुसता हसला आणि म्हणाला, “जाय, कप धुऊन आन.”

त्या हसण्याचा हिशेब त्यानं पुढं जन्मभर केला.

दुसऱ्या दिवसापासून पोरं पाण्यानं शिकू लागली. गुलाम नबी जेवायला घरी गेला की बादलीत नळी सोडायची आणि दम मोजायचा. फय्याजला खोकला यायचा. भाऊसिंगचा दम मात्र डोंगरातला. चार दिवसांत पाणी ओठांच्या एक बोट खाली थांबू लागलं.

आश्विन लागला. हिवतापानं जोर धरला. केनवडला दोन पेट्या संध्याकाळच्या आत पाठवायच्या होत्या. बुधल्यातलं तेजाब सरत आलं होतं, नवा बुधला स्टेशनवर येऊन पडला होता. तो सोडवून आणायला गुलाम नबी स्वतः गेला. जाताना दारातून म्हणाला, “फुगा फाटला हाये. मी येईपर्यंत तेजाबाले हात लावू नका.”

“नाई लावत चाचा,” फय्याज म्हणाला.

चाचा कोपऱ्यावरून वळला आणि फय्याज भाऊसिंगकडे वळला. “काय बे वाघ? हात लावू नका म्हने. तोंडाचं तं आज काय म्हतलं नाई.”

भाऊसिंगनं नळी पुसली. बुधल्यात सोडली. ओठांत धरली. तेजाब चढू लागलं, संथ, तेलासारखं. फय्याज मोठ्यानं म्हणाला, “दोन बोटं… दीड बोट…” आणि नळीत गुरगुर झाली.

गुलाम नबी हातगाडीवर बुधला घालून परत आला तेव्हा त्याला रस्त्यावरूनच वास आला. जळकट, आंबूस. तीस वर्षांनी तोच वास. तो हातगाडी सोडून धावला. भाऊसिंग रांजणाशी गुडघ्यावर बसलेला, हनुवटीवर काळे ओघळ, आणि फय्याज त्याच्या तोंडात तांब्यामागून तांब्या पाणी ओतत रडत होता. “मी बोललो चाचा, मी बोललो म्हनून झालं.”

“तुया बोलन्यानं नाई झालं,” गुलाम नबी म्हणाला. फय्याजला त्या वेळी ते समजलं नाही.

पोरगं वाचलं. डॉक्टरांनी दूध दिलं, अंड्यातलं पांढरं दिलं, चार रात्री आपल्या घरी ठेवलं. तेजाब पोटात फार गेलं नव्हतं, तोंडात मात्र सारं सोलून निघालेलं. डॉक्टरांनी विचारलं, हे कोणी शिकवलं? फय्याज म्हणाला, “कोनी नाई साहेब.” गुलाम नबी शेजारीच उभा होता. तोही गप्प राहिला.

तांड्यावर निरोप गेला. गोमतीबाई आली ती पंधरा दिवस राहिली, औषधशाळेच्या ओसरीवर. पोराच्या जखमा सुकल्या, तो पातळ गिळू लागला. मग एके दिवशी सकाळी तिनं तीन दगडांवर लापशी शिजवली, गूळ घालून, आणि पोराच्या पुढं ठेवली. भाऊसिंगनं दोन घास खाल्ले आणि थांबला.

“याडी, गूळ नाई टाकला का?”

गोमतीबाईनं बोट बुडवून चाखून पाहिलं. तिनं गुळाचा खडा काढून त्याच्या जिभेवर ठेवला. मग मिठाचा ठेवला. भाऊसिंग दोन्ही वेळा तिच्याकडे नुसता पाहत राहिला.

ती तशीच उठून आत गेली. हातातल्या हाडाच्या बांगड्या दाराला आपटल्या. “डाक्टरसायेब, पोराची चव गेली. येईन का परत?”

डॉक्टर म्हणाले, “येईल ना बाई. दोन-तीन महिने जाऊ द्या. जीभ आहे ती, भरून येते.” डॉक्टर खोटं बोलत नव्हते. पुस्तकात होतं ते सांगत होते.

गोमतीबाई वळली. गुलाम नबी मधल्या दारात फडताळापाशी उभा होता. “सायेब मोठे मानूस हायेत,” ती म्हणाली. “पन पोरगं म्या तुमच्या हाती देल्लं व्हतं, मिया भाऊ. तुमी सांगा. येईन का?”

“मावशी, चाचाले काय ईचारता?” फय्याज मध्येच बोलला. “चाचाच्या जिभेवर तं कधी थेंबही…”

“चूप,” गुलाम नबी म्हणाला.

त्यानं कुनाईनची बरणी उघडली. चमचाभर पूड घेतली आणि तोंडात टाकून चावू लागला. सावकाश, फुटाणे चावावे तशी. ओठ पांढरे झाले. डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले. गुलाम नबीनं ती पूड थुंकदाणीत थुंकली.

“गोड हाये का कडू, मले समजत नाई,” तो म्हणाला. “तीस वर्स झाले. असाच बुधला तळाले आलता, अशीच नळी तोंडात व्हती. माई चव गेली थे आली नाई, बाई. तुया पोराची येईन का थे मले ठाऊक नाई. माई नाई आली.”

ओसरीवर कोणाचं तरी तापलेलं लेकरू कुरकुरत होतं.

“तीस वर्स,” गोमतीबाई म्हणाली. “आन् या पोट्ट्याईले सांगतलं नाई?”

“नाई.”

“काहून?”

गुलाम नबीनं खुंटीकडे पाहिलं. “फेटा बांधला व्हता बाई. सोडवल्या गेला नाई.”

“तुमचा फेटा,” ती म्हणाली, “आन् माया पोराची जीभ.” ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी त्यानं रहमतबीला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापता थांबली, मग पुन्हा थापू लागली.

“बरं झालं,” ती म्हणाली. “मले बी लय जड झालतं.” भाकरी उलटून पुन्हा म्हणाली, “त्या बाईले एक सांगजा. सैपाक करनारीनं मीठ आपल्या जिभेनं घालावं. पोराले ईचारू नये. थो बरोबर हाये म्हनते. अन् त्यानं बरोबर हाये म्हतलं का तिनं रडू नये.”

“तू रडत व्हती का?”

“भाकर घ्या,” रहमतबी म्हणाली.

सकाळी औषधशाळेपुढं बैलगाडी जुंपली होती. तांड्यावरचा हेमला ती घेऊन आला होता. गाडीत गवतावर भाऊसिंग बसला, तोंडाला फडकं बांधून. गुलाम नबी खांद्याला पडशी लावून आला. डोकं उघडं होतं. डॉक्टरांनी विचारलं, कुठं निघालात?

“पोराले जेवाले शिकवा लागन, साहेब. चवीशिवाय जेवाले शिका लागते. नाई तं मानूस अन्न सोडते. मी सोडलं व्हतं, सहा महिने दुधावर काढले. वासानं कसं जेवा लागते, ऊन-गार कसं पाहा लागते, थे मले येते. मीठ जास्त झालं तं घसा सांगते, थे बी.”

“परत कधी येणार?”

“त्यानं मनानं भाकर मागतली का मंग.”

गोमतीबाईनं त्याला ये म्हटलं नाही, येऊ नको म्हटलं नाही. ती गाडीत चढून पोराशेजारी बसली. गुलाम नबीसाठी सरकली नाही. हेमलानं कासरा हलवला. गुलाम नबी गाडीमागून चालू लागला.

फय्याज आत होता. नव्या बुधल्याच्या टोपलीला एक चिठ्ठी डकवलेली त्याला दिसली, अजून ओली. वर उर्दू, खाली मराठी, अक्षर तेच. ‘गंधकाचं तेजाब. तळाला आलं की नळीत हवा शिरते आणि तेजाब उसळते. नळीला तोंड लावू नये. मी लावलं होतं. माझी चव गेली. भाऊसिंगचीही गेली. गुलाम नबी, वाशीम.’ खुंटीवर फेटा नव्हता. त्याच्या हिरव्या काठाची चिंधी फाडून फाटक्या फुग्याला पक्की बांधलेली होती.

फय्याज दारात आला. रिसोडच्या रस्त्यावर गाडी बरीच पुढं गेली होती. धुरळ्यातून मागं चालणारं उघडं डोकं दिसत होतं, पांढरं, एकटं. चढावर बैल मंदावले तेव्हा माणूस गाडीला गाठेल असं वाटलं. पण तोही मंदावला, आणि मधलं अंतर तेवढंच राहिलं.

“औषध देता का बापा?” पायरीवरून कोणीतरी विचारलं. फय्याज हातात नळी धरून बघत उभा होता. चढ संपला. गाडी पलीकडे उतरली, मग ते डोकंही उतरलं.